अण्णांच्या आवाजात नेर्मिनची आजी

नेर्मिनचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल जे बरंवाईट लिहीन, त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, ते मग वाचणाऱ्याला ठरवता येईल.

विनिपेगमध्ये आमच्या आणि तिच्या घरात मिळून एकच ड्राइव्हवे होता. बर्फ पडलं की अर्धं तिने शोव्हल करायचं, अर्धं आम्ही. नवरा कामानिमित्त पंधरा-पंधरा दिवस उत्तरेकडे असायचा, मुलगा शिकायला ओटावात, म्हणजे आमचा अर्धा वाटा बहुतेक वेळा माझ्याच कमरेवर. उणे तिसात मी डोळे सोडून सगळं गुंडाळून बाहेर पडायची, आणि पलीकडून नेर्मिन यायची ती लिपस्टिक लावून. विटकरी रंगाची, नीट रेखलेली. मी एकदा विचारलं, "बर्फ काढायला लिपस्टिक कशाला?" तर म्हणाली, "सांद्या, बर्फाला कळायला नको का कोण आलंय ते?"

माझं नाव संध्या. तिने कधी नीट घेतलं नाही. माझी तक्रार नव्हती, पण तिचं नाव मात्र सगळी गल्ली नीट घ्यायची. ती घ्यायला लावायची.

ती तुर्कस्तानची, इस्तंबूलची. तरुणपणी नवऱ्याबरोबर इथे आली. तो इंजिनीअर, मी तिला भेटले तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. एक मुलगा, किचनर नावाच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये. तिने जन्मभर इथल्या शाळेत फ्रेंच शिकवलं. तुर्की बाई कॅनडातल्या मुलांना फ्रेंच शिकवते यात काही गंमत आहे असं तिला वाटतच नसे. इस्तंबूलच्या चांगल्या घरातल्या मुली फ्रेंच शिकतातच, असं ती म्हणायची. आमचा पोस्टमन सेंट बोनिफेसचा, घरात फ्रेंच बोलणारा. तो आमच्या पेटीत कागद कोंबून निघून जायचा आणि तिच्या दारात उभा राहून दहा-दहा मिनिटं हसायचा.

तिच्या घरात गेलं की दारातच मऊ सपाता पुढे यायच्या. पाहुण्यांसाठी सहा जोड, मापाप्रमाणे लावलेले. मग हातांची ओंजळ करायला सांगायची आणि लिंबाच्या वासाचं कोलोन ओतायची. मग पेल्यात चहा, कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात. तिच्या घरून आलं की माझ्या हातांना तासभर तो वास यायचा, आणि आपलं घर उगीचच पसरलेलं वाटायचं.

पण खरा हेवा होता तो तिच्या एका उत्तराचा. कुठून आलात, हा प्रश्न इथे आमच्यासारख्यांच्या पाचवीला पुजलेला. मी म्हणायचे, इंडिया. इंडियात कुठे? परभणी. मग समोरच्याचा चेहरा कोरा. मग मीच त्याची सुटका करायची, "निअर मुंबई." परभणी मुंबईजवळ! माझ्या गावाला मी शेकडो वेळा उचलून पाचशे किलोमीटर पश्चिमेला नेऊन ठेवलं असेल. नेर्मिन मात्र प्रश्न येण्याची वाटच बघत असायची. "मी अशा शहरातली आहे," ती सुरू करायची, "जिथे माणूस सकाळी युरोपात उठतो, फेरीबोटीत बसून दुपारी आशियात जेवायला जातो आणि झोपायला परत युरोपात येतो." मग जराशी थांबून, "आमच्या पाच पिढ्या युरोपच्या बाजूला. आशियात आम्ही सहलीला जायचो." लोक हरखून जायचे. तिला आणखी विचारायचे. मला कुणी आणखी विचारलं नाही कधी.

आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये उन्हाळ्यात एकदा सगळ्या देशांच्या खाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. आयोजकांनी एका दालनात आशिया मांडला, दुसऱ्यात युरोप. मी साबुदाणावडे घेऊन आशियात, आणि नेर्मिनचं टेबल माझ्या शेजारी. ती आली, टेबलावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "हो, पण नाही." हे तिचं लाडकं वाक्य. मग दोन तरुणांना हाताशी धरून तिने टेबल उचलवलं आणि थेट युरोपात, एका युक्रेनियन बाईशेजारी नेऊन लावलं. मला दारातून ती दिसत होती, हातवारे करून हसताना. तिच्या टेबलापुढे रांग, माझ्यापुढे आमचेच मराठी मंडळातले चार लोक.

आणि तीच नेर्मिन पुढच्या आठवड्यात पंजाबी दुकानात वांगी निवडताना मालकाला म्हणाली, "भाई, आपण आशियातली माणसं, आपल्याला वांगं कळतं." माझ्यासमोर. मी घरी येऊन नवऱ्याला फोनवर तासभर सांगितलं, ही बाई किती ढोंगी आहे. तो म्हणाला, "अगं, दोन्हीकडची आहे ती, तिला चालतं." हेच तर मला खुपत होतं. मला एकीकडचंसुद्धा धड होता येत नव्हतं. परभणीला गेलं की सगळे म्हणायचे, कॅनडावाली आली.

अशात माझी आई गेली, आणि वर्षभराने अण्णा माझ्याकडे आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा ऐंशी पार केलेले. परभणीला तहसील कचेरीत सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये झाली. ते जन्मले तेव्हा आमचा मुलूख निजामाचा होता. चौथीपर्यंत शाळा उर्दूत झाली. पुढे राज्य बदललं, शाळा मराठी झाली, पण जमिनीचे जुने कागद उर्दूतच राहिले आणि ते वाचणारी माणसं कमी होत गेली. निवृत्त झाल्यावरही लोक पिवळे कागद घेऊन अण्णांकडे यायचे. दहा वर्षांची असताना मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "मलाही शिकवा ना ते उलटं लिहायला." ते म्हणाले, "तुला काय करायचंय ते? गणितं कर." एवढंच. अण्णा आमच्याशी दिवसाला चार-पाच वाक्यांच्या वर बोलत नसत, आणि त्यातलंही एखादं "दार लावून घे" असायचं.

इथे आल्यावर तीही कमी झाली. मी सकाळी लॅबला जायची, संध्याकाळी यायची. ते खिडकीशी बसलेले असायचे, स्वेटरवर शाल, शालीवर कोट. "काय केलं दिवसभर?" "काय करायचंय?" असा आमचा संवाद.

नोव्हेंबरातली गोष्ट. मी गाडीतून ग्रोसरी काढत होते, अण्णा दारात उभे होते. नेर्मिन कचऱ्याचा डबा ओढत येताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. अण्णा एकदम म्हणाले, "हवा म्हणाली ती."

"काय?"

"हवा म्हणाली. विचार तिला."

विचारलं. ती म्हणाली होती, हवा फार गार आहे. तुर्कीतही हवेला हवाच म्हणतात. अण्णांनी दाराची चौकट धरली आणि आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हॉट यू से फॉर दुकान?" ती म्हणाली, "द्युक्कान." "साबण?" "साबुन." "मैदान?" "मेयदान." उणे अठरा होतं. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी, आणि हे दोघं ड्राइव्हवेच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांकडे शब्द टाकतायत. दप्तर म्हणजे तिच्याकडे वही निघाली, तेव्हा अण्णा हसले. आवाज करून हसले. आई गेल्यानंतर मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि तो मी काढलेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी आमच्याकडे येऊ लागली. त्यांना अण्णा म्हणायला तिने साफ नकार दिला. तिच्या भाषेत आईला जवळजवळ तसंच म्हणतात. "एवढ्या मिशा असलेल्या माणसाला मी आई कशी म्हणू?" म्हणून ती त्यांना एफेंदी म्हणू लागली. अण्णांनी मला विचारलं, "म्हणजे साहेबच ना?" मी हो म्हटलं. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ऐंशीनंतर कुणीतरी साहेब म्हणत होतं. त्या दिवसापासून ते दुपारी दाढी करून बसायला लागले.

एकदा त्यांनी एका कागदावर उर्दूत तिचं नाव लिहून दिलं. नेर्मिनने तो कागद किती तरी वेळ हातात धरला. मग म्हणाली, "हे माझं नाव आहे आणि मला ते वाचता येत नाही." तिच्या आईच्या लहानपणी त्यांच्याकडे लिपीच बदलली होती. उजवीकडून लिहायची, उर्दूसारखीच जुनी अक्षरं गेली, युरोपातली आली. जे आजीने लिहिलं ते नातीला केवळ नक्षी. आपल्याकडे मोडीचं झालं तसंच, पण आपल्याकडे ते हळूहळू झालं, त्यांच्याकडे दार बंद केल्यासारखं.

पुढच्या शनिवारी ती एक जुनी चामड्याची पर्स घेऊन आली. आत आजीने लिहिलेली अकरा पत्रं होती. जांभळी शाई, बारीक, रेखीव अक्षर. पाकिटांवर तिकीट नव्हतं. ती कधी टाकलीच नव्हती पेटीत.

मी म्हटलं, "इस्तंबूलला वाचणारे असतील की कुणी. युनिव्हर्सिटीत."

"आहेत. पण त्यांना अर्थही कळतो," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या मनातलं माझ्या आधी एखाद्या प्रोफेसरला कळायचं? एफेंदी बरे. ते वाचतील, आणि समजून मी घेईन."

आणि तसंच झालं. अण्णा चष्मा पुसून बसले, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. "मोहतरम वालिदा... मॅडम, म्हणजे आदरणीय आई. हे आमच्याकडं पण असंच. पण पुढं काहीतरी शेपूट आहे. जि... जिम?"

"वालिदेजियिम," नेर्मिन कुजबुजली. "आईला लाडाने म्हटलंय. माझी आईगं, असं."

मग पुढे सगळा तुर्कीचा गुंता. मधूनच सलाम, खबर, दुनिया असा ओळखीचा दगड लागला की अण्णांचं बोट तिथे क्षणभर टेकायचं. बाकी त्यांना काही कळत नव्हतं. ते तीन-तीनदा वेगवेगळे स्वर लावून शब्द म्हणायचे, आणि नेर्मिन डोळे मिटून ऐकायची. मधेच तिला शब्द सापडायचा, ती टेबलावर चापट मारायची आणि ते दोघं एकदम एक ओळ पुढे सरकायचे. मी ओट्याशी भाकरी थापत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्या पत्रांत साधं काहीबाही होतं. कुणाचं लग्न, कसला ताप, चांगला पडदा शिवला. दर शनिवारी एखादं पान. ते सहाव्या पत्रापर्यंत पोचले तेव्हा वसंत उलटून गेला होता. त्या दिवशीही मी तिथे होते.

अण्णांनी वाचलं, "वालिदेम ओल्दू देदिम."

नेर्मिनने कपाळाला आठ्या घातल्या. "परत."

"वालिदेम ओल्दू देदिम."

"ओल्दू म्हणजे झालं. 'माझी आई झाली, असं मी म्हटलं.' याला काही अर्थ नाही. परत एकदा, एफेंदी."

अण्णांनी तिसऱ्यांदा वाचलं आणि ओठ जरा जास्त गोल झाले असावेत. नेर्मिनचा चेहरा बदलताना मी पाहिला. तिने तो शब्द स्वतः म्हणून बघितला, ओठांचा चंबू करून, अगदी हळू. जुन्या लिपीत 'झाली' आणि 'मेली' हे एकसारखंच लिहितात, हे तिने नंतर सांगितलं. त्या वेळी ती इतकंच म्हणाली, "माझी आई मेली, असं मी सगळ्यांना सांगितलं."

पत्र आईलाच लिहिलेलं.

अण्णा घाबरले. "माझं काही चुकलं का? संध्या, विचार तिला, मी चुकीचं वाचलं का?"

"नाही एफेंदी. वाचा. थांबू नका."

मग तुकड्या-तुकड्यांनी ते बाहेर आलं. पाच पिढ्या इस्तंबूलच्या वगैरे काही नव्हत्या. आजी पार पूर्वेकडच्या डोंगरातली. लहान असताना एका अधिकाऱ्याच्या घरी कामाला आणलेली पोर. त्या घरात तिला लिहायला शिकवलं, पुढे त्याच ओळखीत तिचं बऱ्या घरी लग्न लागलं, आणि तिथे कुणी विचारलं की ती सांगायची, मी इथलीच, माझं कुणी नाही. तिच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रं टाकण्यात अर्थ नव्हता, आणि न लिहिता राहवत नव्हतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, काल बाजारात एक बाई आपल्यासारखं बोलत होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

हे सगळं परभणीच्या एका म्हाताऱ्याच्या आवाजात, ज्याला आपण काय वाचतोय ते कळत नव्हतं. नेर्मिन रडत होती. लिपस्टिक पुसली गेली होती. अण्णांनी पत्र बाजूला ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांची सख्खी मुलगी. आई गेली तेव्हा ते मला फोनवर म्हणाले होते, "येऊ नकोस इतक्या लांबून, सगळं आटोपलंय."

पुढचा आठवडाभर नेर्मिन दिसली नाही. मग एका सकाळी दार वाजवून उभी, लिपस्टिकसकट. "सांद्या," म्हणाली, "माझी आई अनातोलियाच्या, तिकडच्या आशियातल्या लोकांना भाजीवाले म्हणायची. आता बघ, मीच भाजीवाल्यांची निघाले." आणि खो-खो हसली. तिच्या जागी मी असते तर महिनाभर अंथरुणातून उठले नसते. तिने मात्र पाच पिढ्या एका आठवड्यात उतरवून ठेवल्या. कुठून आलात विचारलं की आता म्हणायची, "शोधतेय. कळलं की सांगते." आणि लोक याच्यावरही हरखायचे! आजी कुठल्या गावची, हे अजून कळलं नव्हतं. पत्रं अजून शिल्लक होती, आणि नाव त्यांत कुठेतरी असेल अशी तिची खात्री होती.

आठवं पत्र झालं, आणि मग ऑक्टोबरात ती मला ग्रोसरीत भेटली. कोथिंबीर निवडता निवडता सहज म्हणाली, "तुझी आई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायची म्हणे! गाई परत बोलवायला. एफेंदींनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हाच ठरवलं, हीच."

मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांची झाले होते मी. माझ्या आईला शिट्टी वाजवता यायची हे मला माहीत नव्हतं.

मी हसले, "हो हो" म्हटलं. आणि कोथिंबीर ट्रॉलीत टाकता टाकता माझ्या तोंडून निघालं, "नेर्मिन, तुला सांगायचंच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं अण्णांना. वाचायचं नाही म्हणालेत. अजिबात नाही. डोळ्यांवर ताण येतो."

कुठल्याही डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

ती लगेच म्हणाली, "अरे देवा, मी किती स्वार्थी! तू आधी का नाही बोललीस?" घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की नेर्मिनला आता वेळ नाही, तिला काही कामं निघालीत. ते "बरं" म्हणाले.

तीन पत्रं वाचायची राहिली होती.

तो हिवाळा मला चांगला आठवतो, कारण अण्णा बदलले. मला वाटलं खचले. दुपारी दाढी करणं बंद झालं. पण संध्याकाळी मी आले की खिडकीजवळून उठून स्वयंपाकघरात येऊन बसायचे. डिशवॉशर कसा लावतात ते शिकून घेतलं. रविवारी माझ्याबरोबर मॉलमध्ये चालायला यायचे, बूट घालायला पंधरा मिनिटं लागली तरी. एकदा विचारलं, "तू त्या लॅबमध्ये नेमकं काय करायलीस दिवसभर?" जन्मात पहिल्यांदा. मी दमलेली होते. म्हटलं, "रक्त तपासते, अण्णा. दुसरं काय." ते म्हणाले, "कशासाठी तपासतात, ते सांग की." मी म्हटलं, नंतर सांगते.

मार्चमध्ये एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. कप निम्मा भरलेला होता.

लोक भेटायला आले तेव्हा नेर्मिन न विचारता आमच्या दारात उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत कोलोन ओतत राहिली. त्यांच्याकडे तसं करतात. आमच्या मंडळातल्या बायका गोंधळल्या, पण हात पुढे करत होत्या. दुखवट्याच्या घरात काय करावं हेही तिला माहीत होतं, मला माझ्याच घरात माहीत नव्हतं.

मे महिन्यात बर्फ गेलं. घसरू नये म्हणून हिवाळाभर टाकलेली वाळू ड्राइव्हवेवर उरते, ती आम्ही दोघी झाडत होतो. मी झाडू टेकवून उभी राहिले आणि सांगून टाकलं. डॉक्टर नव्हता, डोळे ठीक होते, मी खोटं बोलले.

ती झाडतच राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. दोन दिवसांनी मी तुझ्या दारात येऊन एफेंदींना विचारलं, डोळे कसे आहेत? ते म्हणाले, डोळ्यांना काय झालंय? मग त्यांना कळलं. मलाही कळलं."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे."

"नेर्मिन, नेमकं काय म्हणाले, मला सांग."

तिने झाडू भिंतीला लावला. अण्णांचं इंग्रजी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्यांच्या थांबण्यासकट. "माय डॉटर इज कॉलिंग. ऑल लाइफ शी डिड नॉट कॉल. नाऊ आय विल गो, सिट विथ हर." मग म्हणाली, "तीन पत्रांचं वाईट वाटतं, असंही म्हणाले. माझी माफी मागितली. मी म्हटलं, एफेंदी, जा."

मी तिथेच वाळूत बसले. सगळा हिवाळा ते माझ्याकडे येऊन बसले होते, आणि मी त्यांना म्हटलं होतं, नंतर सांगते. आणि खरं सांगायचं तर त्याही क्षणी, रडता रडता, मला नेर्मिनचा रागच आला. माझ्यासाठी म्हटलेलं हे वाक्यसुद्धा त्यांनी तिलाच सांगितलं होतं.

ती माझ्या शेजारी बसली. पांढरी पँट घातलेली, तरी वाळूत. मग म्हणाली, "तुला हेवा वाटायचा माझा. मला तुझा वाटायचा. माझ्या बापाने मला कधी काही वाचून दाखवलं नाही, आणि तुझा बाप रोज संध्याकाळी तुझ्या घरी असायचा."

सप्टेंबरात ती इस्तंबूलला गेली, बहिणीकडे. उरलेली तीन पत्रं तिथल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायची असं तिने ठरवलं. आता प्रोफेसर चालेल, म्हणाली. गावाचं नाव शेवटच्या पत्रात निघालं. ती तिथे जाऊनही आली, दोन रात्री राहिली. आजीच्या ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं, पण एका बाईने तिला जेवू घातलं. परत मात्र ती आली नाही. बहीण आजारी पडली, मग मुलाने इथलं घर विकलं. अधूनमधून फोन येतो. शेजारी आता एक तरुण जोडपं आहे, ते बर्फ मशिनने उडवतात.

त्या सप्टेंबरात तिला विमानतळावर मीच सोडलं होतं. काउंटरवरच्या मुलीने तिला पत्रांची ती जुनी पर्स सामानात टाकायला सांगितली असावी, कारण नेर्मिनने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी सामानाच्या ट्रॉल्यांपाशी लांब उभी होते. मला ऐकू येत नव्हतं. नेर्मिन बोलत होती, एक हात हवेत, उजवीकडून डावीकडे ओळ काढत, मग चष्मा पुसल्यासारखं केलं, मग बोट सावकाश पुढे सरकवलं. हुबेहूब अण्णा. मागची रांग खोळंबली होती. मग तिने वळून माझ्याकडे बोट दाखवलं. त्या मुलीने मान उंच करून माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. मीही ओळख असल्यासारखा हात हलवला.

नेर्मिनने तिला काय सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.